मालिशचा खर्च कोणत्या खात्यात?

“हवी तर सगळ्यांनाच असते, पण पैसे कोण देणार?” मालिशचा विषय निघाला की हे ठरलेलं. मला नाही पटत. बाळंतिणीला सव्वा महिना मालिशवाली लावताना कुणी कुरकुरत नाही. तीच बाळंतीण साठीला आली, गुडघे बोलू लागले, की आठवड्याची मालिश चैन ठरते! गाडीचं सर्व्हिसिंग मात्र वेळेवर. मी कॉमर्सवाली, गाडीचा तो देखभाल खर्च, मग हा का नाही? वाग्भटांनी अष्टांगहृदयात अभ्यंग रोजच्या दिनचर्येत सांगितला, आपण तो नरक चतुर्दशीपुरता ठेवला. आणि ‘देहाचे लाड’ म्हणणाऱ्यांनो, अस्नान हा मुनींचा मूलगुण आहे, गृहिणीचा नव्हे. मालिशवालीशी पन्नास रुपयांसाठी घासाघीसही नको. तिचेही हात दुखतात.