फळीवरचा वेगळा कप

१ ऑगस्ट २०२४ हा दिवस आठवा. चौकाचौकात साहित्यरत्न अण्णाभाऊ साठे यांच्या जयंतीचे मंडप होते आणि त्याच दिवशी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सहा विरुद्ध एक असा निकाल दिला. अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. २००४ चा चिन्नय्या प्रकरणातला निकाल मोडीत निघाला. २१ ऑगस्टला भारत बंद झाला. तेलंगणाने १४ एप्रिल २०२५ पासून, म्हणजे नेमक्या भीमजयंतीला, तीन गट पाडले. महाराष्ट्रातही निवृत्त न्यायमूर्ती अनंत बदर यांची समिती नेमली गेली.

आमचा उपवर्गीकरणाला विरोध आहे. सरकारी नोकऱ्या कंत्राटदारांच्या घशात घालायच्या, अनुशेष भरायचा नाही आणि उरलेल्या तुकड्यासाठी ५९ जातींना झुंजवायचे, हा मनुवादी डाव आम्हाला कळतो. पण आजचा विषय तो नाही. त्या दिवसांत आपल्याच तोंडून जे बाहेर पडले, त्याचा हा विषय आहे.

विहाराच्या ओट्यावर, कार्यालयात, लग्नाच्या पंगतीत काय ऐकले आम्ही? "मातंगांनी बाबासाहेबांचे ऐकले नाही. शिकले नाहीत, बँड वाजवत बसले, पोतराज होऊन फिरले. आता आयते मागतात." बांधवांनो, हे वाक्य ओळखीचे वाटत नाही का? मंडलच्या वेळी, नामांतराच्या वेळी सवर्णांच्या ओसरीवर आपल्याबद्दल हेच बोलले जात होते. आयते मागतात, लायकी नाही, शिकायला कुणी अडवले होते? फक्त जातीचे नाव बदलले.

दुसऱ्यांना बोल लावण्याआधी आमच्या घरातले सांगतो. आमच्या आजीने १९५६ साली देव्हाऱ्यातले सगळे देव विहिरीत टाकले. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. पण चुलीमागच्या फळीवर कान तुटलेला एक कप वेगळा ठेवलेला असे. शाळेतला आमचा मातंग मित्र घरी आला की चहा त्याच कपात. आम्ही चांगल्या कपातून प्यायचो आणि गप्प बसायचो. दोन-तीनदा आल्यावर तो यायचा बंद झाला. का, हे आम्ही विचारले नाही, कारण आम्हाला ठाऊक होते.

ही उतरंड कुणी रचली? बलुत्याच्या व्यवस्थेत महार आणि मांग दोघेही गावाचे राबते हात. कोणते काम कुणाचे, कोणता मान आणि कोणता तुकडा कुणाचा, यावर दोघांना भांडत ठेवले की गावाला चिंता नव्हती. बाबासाहेबांनी हिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. सगळ्यांत खालचा सोडला तर प्रत्येकाला पायाखाली कुणीतरी मिळते आणि म्हणून ती टिकते. सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेतल्या शाळकरी मुक्ता साळवेने १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये निबंध लिहिला तो मांग-महारांच्या दुःखाविषयी, दोघांच्या. अण्णाभाऊंनी १९५९ साली 'फकिरा' अर्पण केली ती बाबासाहेबांच्या लेखणीला. त्यांनी हात पुढे केला होता. आपण किती केला?

"त्यांनी धम्म घेतला नाही" ही सबब फार ऐकू येते. बावीस प्रतिज्ञांत सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा आहे. समोरचा बौद्ध असेल तरच, अशी अट तिच्यात नाही. आणि धम्म घेतलेल्यांच्या वधू-वर मेळाव्यात सोमवंशी की लाडवण, ही चौकशी अजून कोण करते? मातंग समाजातही आपल्याविषयी पूर्वग्रह आहेत, त्यांना खतपाणी घालणारे पक्षही आहेत. पण शिक्षण आणि संघटना आधी आपल्याकडे आल्या. म्हणून पहिले पाऊल आपले.

निकालानंतर आम्ही त्या मित्राचे घर शोधून काढले. तो उपवर्गीकरणाच्या बाजूचा. दोन तास वाद झाला, कडक झाला. ना त्याचे मत बदलले ना आमचे. कपाची गोष्ट आम्ही काढली, तर म्हणाला, "ते जाऊ दे. धाकटी एमपीएससीचा अभ्यास करतेय, घरात जागा नाही. तुमच्या विहाराच्या अभ्यासिकेत तिला बसू देतील का?"

बसू देतील का, हे त्याला विचारावे लागले. आम्हालाही चटकन 'हो' म्हणता आले नाही. विश्वस्तांच्या बैठकीत विषय ठेवला. एकाने विचारलेच, "मुलगी बौद्ध आहे का?" अर्धा तास त्यातच गेला. शेवटी एका वयस्क उपासिकेने अभ्यासिकेची किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "उद्यापासून येऊ द्या तिला."

ती आता रोज सकाळी सात वाजता येते. पहिले काही दिवस तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहत होत्या, हेही इथे नोंदवले पाहिजे.