पहिला नंबर कुणाचा?

2014 साली आलेला '2048' हा खेळ आठवतोय ना? आकड्यांचे चौकोन सरकवायचे, सारखे दोन भिडले की त्यांची बेरीज होते. त्याचा सोर्स कोड खुला होता, त्यामुळे कित्येकांनी आपापल्या आवृत्त्या काढल्या. त्यातलीच एक माझी, हौसेखातर लिहिलेली. ऑफिसातले चार मित्र, दोन चुलतभाऊ आणि सातवीतली भाची, एवढेच काय ते खेळाडू. मग कुणीतरी म्हणालं, "अरे, लीडरबोर्ड टाक की! त्याशिवाय काय मजा?"

टाकला. शनिवारी सकाळी, दुसरा चहा व्हायच्या आत. डेटाबेसमध्ये एक टेबल: नाव, स्कोअर, वेळ. एपीआयला दोनच दारं, एक स्कोअर आत घेणारं, दुसरं पहिले दहा बाहेर देणारं. स्कोअरच्या कॉलमवर इंडेक्स. नाव क्वेरीत तसंच चिकटवायचं नाही आणि पानावर दाखवताना एस्केप करायचं, एवढी अक्कल नोकरीने दिलीच आहे. झालं की!

संध्याकाळी पहिल्या नंबरवर 'बाप' नावाचा खेळाडू. स्कोअर 9,99,99,999.

हसूच आलं. ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडायची, जाणारी रिक्वेस्ट बघायची, आकडा बदलून पुन्हा पाठवायची. मित्राला दोन मिनिटं लागली असतील. माझ्या सर्व्हरने विचारलं, "किती झाले?" त्याने सांगितले तेवढे याने लिहून घेतले.

इथवर गंमत होती. रविवारी रात्री मी शहाणपणा केला. 2048 चा चौकोन झाला की स्कोअर साधारण 20,000 च्या आसपास असतो. त्याच्या दुप्पट म्हणजे फारच झालं, असं ठरवून 40,000 च्या वरचे सगळे स्कोअर एका ओळीच्या क्वेरीने उडवून टाकले. बॅकअप? छे हो, घरचाच तर खेळ!

सोमवारी भाचीचा फोन. "मामा, माझं नाव कुठे गेलं?"

पोरीने 4096 चा चौकोन केला होता. स्कोअर 46,212. आईच्या फोनवर स्क्रीनशॉट काढून ठेवला होता, वर्गातल्या मैत्रिणींना दाखवला होता. मी म्हणालो, "चुकलं माझं, आत्ता परत टाकतो." ती म्हणाली, "मग तो तू टाकलेला होईल. मी केलेला नाही."

यावर उत्तर नव्हतं माझ्याकडे.

खरी चपराक नंतर बसली. या खेळात प्रत्येक जोडणीला 4, 8, 16 असेच गुण मिळतात, म्हणजे खरा स्कोअर नेहमी 4 ने भागला जातो. 46,212 ला भागून बघा, जातो. आणि तिच्या जागी आता पहिल्या नंबरवर कोण होतं? 38,750. नाही भागला जात! खोटा माझ्या अंदाजाच्या आत बसला म्हणून राहिला, खरा बाहेर पडला म्हणून गेला.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय: तपासता येत नसेल तर लीडरबोर्ड लावूच नये. नुसता खेळ असतो तेव्हा आपण कुणाला काही देणं लागत नाही. पण नावांची यादी लावली की आपण शब्द दिलेला असतो की हे असंच घडलं.

एक मित्र म्हणाला, स्कोअरवर गुप्त किल्लीने सही कर. पण ती किल्ली राहणार ब्राउझरमध्ये जाणाऱ्या जावास्क्रिप्टमध्येच ना? म्हणजे दाराला कुलूप आणि किल्ली पायपुसण्याखाली.

मग पुढच्या शनिवारी उलटीकडून सुरुवात केली. सर्व्हरने स्कोअर विचारायचाच नाही, चाली विचारायच्या. खेळ सुरू होताना सर्व्हर एक नंबर आणि एक बीज देतो. नवे चौकोन त्या बीजावरूनच पडतात. (जावास्क्रिप्टच्या मॅथ.रँडमला बीज देता येत नाही, म्हणून छोटा जनरेटर स्वतः लिहावा लागला.) खेळ संपला की ब्राउझर फक्त वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशी यादी पाठवतो. 4096 पर्यंतच्या डावात सुमारे दोन हजार चाली, एकेक अक्षर धरलं तरी दोन केबी! सर्व्हर तोच डाव स्वतः खेळतो आणि स्कोअर स्वतः मोजतो. एका खेळ-नंबरावर एकच नोंद. चालीही टेबलात राहतात, म्हणजे उद्या वाद झाला तर पुरावा आहे.

हे अभेद्य नाही. कुणी बॉट लिहून खेळवेल, बीजावरून पुढचे चौकोन आधीच काढेल. पण त्यालाही खेळ खरोखर खेळावा लागेल. नुसता आकडा ठोकून चालणार नाही.

मोठ्यांचंही असंच झालंय. अटारीवरच्या 'ड्रॅगस्टर' या खेळात टॉड रॉजर्स यांचा 5.51 सेकंदांचा विक्रम 1982 पासून मानला जात होता. पुढे खेळाचा कोडच उलगडून पाहिला, तर 5.57 च्या खाली जाताच येत नाही असं निघालं. 2018 मध्ये 'ट्विन गॅलक्सीज'ने तो विक्रम काढून टाकला. तीन दशकांहून जास्त काळ यादी उभी होती ती सांगोवांगीवर.

असो. टेबल आणि एपीआय अर्ध्या तासाचं काम आहे, उरलेला अख्खा वीकेंड विश्वासाचा. तो द्यायचा नसेल तर यादी लावू नका, "तुमचा आजवरचा सर्वोत्तम" एवढंच ब्राउझरमध्ये दाखवा. त्यातही मजा येते.

भाची? दोन आठवडे रुसली होती. मग पुन्हा खेळली. सध्या चौथी आहे, आणि त्या चौथेपणाची एकेक चाल माझ्याकडे जपून ठेवलेली आहे. बॅकअपसकट.