जाळीखालचा उकाडा

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील रोपवाटिकाधारकांची वैशाखातील तक्रार जुनीच आहे: मृदुकाष्ठ कलमे, म्हणजे कोवळ्या खुंटावर पाचर मारून बांधलेली काजू-आंब्याची कलमे, शेडनेटखाली ठेवूनही करपतात, आणि उपाय विचारला की उत्तर येते ते पंखा-पॅडच्या हरितगृहाचे. हा सल्ला देणाऱ्यांनी सावित्री नदीच्या खोऱ्यातील हवा कधी मोजली असेल, असे दिसत नाही.

पंखा-पॅड यंत्रणेत एका भिंतीला ओले सच्छिद्र पॅड व समोरच्या भिंतीला हवा बाहेर ओढणारे पंखे असतात, आणि पाण्याची वाफ होताना लागणारी उष्णता हवेतून घेतली गेल्याने हवा निवते. मात्र ती ओल्या पाऱ्याच्या तापमानाखाली, म्हणजे ओली चिंधी गुंडाळलेला तापमापक जे दाखवतो त्याच्याखाली, जाऊ शकत नाही. हवा 38 अंश सेल्सिअस व सापेक्ष आर्द्रता 30 टक्के असता, 80 टक्के कार्यक्षमतेचे पॅड सुमारे 11 अंश उतार देते. तीच यंत्रणा 35 अंश व 60 टक्के आर्द्रतेत जेमतेम 5 अंशांवर थांबते. फाल्गुन-चैत्रात घाटाकडून उतरणारे कोरडे पूर्वेचे वारे समुद्रवाऱ्याला अडवून धरतात तेव्हा खोरे भट्टीसारखे तापते (याच जिल्ह्यातील भिऱ्याला मार्च 2017 मध्ये 46 अंशांपुढची नोंद झाली होती) आणि त्या मोजक्या दिवसांत पॅड उपयोगी पडेलही; पण बाणकोट खाडीकडून दमट वारा येऊ लागला की पंख्यांचे वीजबिल तेवढेच राहते आणि गारवा निम्म्यावर येतो.

एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांत, 2,080 ते 4,000 चौरस मीटरच्या टप्प्यासाठी, पंखा-पॅड हरितगृहाचा ग्राह्य खर्च दर चौरस मीटरला 1,400 रुपये, लोखंडी नळ्यांच्या नैसर्गिक वायुवीजन हरितगृहाचा 844 रुपये, तर तशाच सांगाड्याच्या शेडनेटगृहाचा 710 रुपये धरलेला होता, व अनुदान त्याच्या निम्मे. हरितगृहांसाठी डोंगरी भागाला त्यावर 15 टक्के वाढ होती. म्हणजे तक्ता करणाऱ्याला जमिनीचा चढ दिसला, हवेतली वाफ दिसली नाही. शिवाय दर जमिनीच्या क्षेत्रफळावर ठरतो आणि दमट प्रदेशात खरा गारवा मिळतो तो उंचीतून: तापलेली हवा वर चढून माथ्याच्या झरोक्यातून निघते आणि बाजूने ताजी हवा आत ओढली जाते, या धुराड्यासारख्या क्रियेचा जोर खालच्या व वरच्या फटींमधील अंतरावर अवलंबून असतो. उंच सांगाड्याला लोखंड जास्त लागते, पण चौरस मीटर तेवढेच राहतात. दर वाढवून मागणारे पुष्कळ आहेत, आर्द्रतेचा रकाना मागणारा कोणी पुढे येत नाही.

उंचीची भीती निराधार नाही, हेही मान्य केले पाहिजे. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर सांगाडा बुटका व बंदिस्त ठेवण्याकडे कल होणे स्वाभाविक होते. परंतु वाऱ्याला तोंड देण्याचे काम पायाच्या काँक्रीटचे व तिरप्या आधारांचे आहे, झरोके बुजवून ते होत नाही.

दोष सगळा सरकारी तक्त्याचाही नाही. काळी जाळी थेट प्लास्टिकच्या आच्छादनाला टेकवून बांधणारे, तीही आतल्या बाजूने, आपल्याच रोपवाटिकेत आपल्याच खर्चाने पाणी तापवण्याचा बंब बसवतात, कारण ऊन आत शिरल्यानंतर अडवले तर उष्णता आतच राहते. पांढरी किंवा ॲल्युमिनियमचा मुलामा असलेली जाळी आच्छादनाच्या वर हातभर अंतर सोडून ताणावी. ते परवडत नसेल तर आच्छादनावर चुन्याची पातळ सफेदी फवारावी, जी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पावसाच्या या मुलखात ज्येष्ठ-आषाढात आपोआप धुतली जाते, म्हणजे ढगाळ दिवसांत हवा असलेला उजेड परत मिळतो. ऊन बाहेरच अडवण्याची हीच समज जुन्या मांडवावरच्या नारळाच्या झावळ्यांनाही होती.

आता रोपवाटिकाधारकांनी एक काम करावे. कोरडा व ओला असे दोन तापमापक घ्यावेत, ते जाळीखाली सावलीत टांगावेत, दुपारी दोन वाजता दोन्ही आकडे वहीत लिहावेत, आणि हे फाल्गुनापासून मृगापर्यंत एकही दिवस न चुकवता करावे. पुढच्या हंगामात अनुदानाचा अर्ज करताना त्या वहीची प्रत अर्जासोबत जोडावी, आणि दुसरी प्रत या मासिकाच्या कार्यालयात पाठवावी.