कालव्यातला जंत, सुईतला विषाणू



पाणथळीत चरलेल्या मेंढीचा जबडा सुजतो, ती खंगते आणि कापल्यावर काळजात पानासारखे चपटे जंत निघतात, हे धनगर मंडळींना सांगायला नको. या जंताची पिल्ले आधी गोगलगायीच्या अंगात वाढतात. असाच गोगलगायीतून येणारा एक जंत माणसाला लागतो. तो इजिप्तमधल्या नाईल काठचा. पण त्याची हकीकत आपणही ऐकण्यासारखी आहे.

तिथला शेतकरी अनवाणी कालव्यात उतरला, की जंताची पिल्ले कातडीतून आत शिरतात. मादी रक्तवाहिनीत अंडी घालते, ती वाहत जाऊन यकृतात अडकतात. रक्ताची वाट तुंबते, पाणथरी वाढते, काहींना रक्ताच्या उलट्या होतात. कालवे बारमाही झाले, तसे पिकांबरोबर गोगलगायींचेही फावले.

सरकारने उपाय केला. १९५० नंतर १९८० च्या सुमारापर्यंत गावोगावी अँटिमनीची इंजेक्शने शिरेतून दिली. हेतू चांगलाच होता. पण एकेका रोग्याला दहा-बारा वेळा टोचायचे, रांग लांब, काचेच्या पिचकाऱ्या मोजक्या. दर खेपेस नीट उकळायला सवड कुणाला? हिपॅटायटिस सी हा विषाणू तर १९८९ पर्यंत ओळखलाच गेला नव्हता. जंत मारणारी सुईच तो एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात नेत राहिली.

हा विषाणू वीस-तीस वर्षे गप्प बसतो. कावीळ दिसेलच असे नाही. आत मात्र यकृत पोखरत असतो, आणि जंताने आधीच तुंबवलेले यकृत असेल तर ते अधिक लवकर दगडासारखे होते. २००८ च्या पाहणीत पंधरा ते एकोणसाठ वयाच्या शंभरातल्या सुमारे पंधरा जणांच्या रक्तात या विषाणूची खूण सापडली! पुढे २०१८-१९ मध्ये तिथे कोट्यवधी लोकांचे रक्त तपासले आणि रोग्यांना गोळ्या दिल्या. जंतावरही आता गोळीच आहे.

आपल्याकडे गोळी दिली तर रुसणारे पुष्कळ. "डॉक्टर, एक सुई टोचाच," असा हट्ट मी माझ्याच घरात ऐकला आहे. गोळीने भागत असेल तर सुई मागू नका. घ्यावीच लागली, तर सुई आणि सिरिंज दोन्हींचे पाकीट तुमच्यादेखत फोडायला सांगा. यात डॉक्टरांचा अपमान नाही. पूर्वी कधी रक्त चढवले असेल किंवा जुन्या सुयांनी टोचून घेतले असेल, तर काविळीची माळ घालून वाट पाहत बसू नका. बी आणि सी या दोन्हींची तपासणी करून घ्या. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातून औषधही मोफत मिळते. 'बी'ची लस आहे, ती बाळाला जन्मताच टोचून घ्या. 'सी'ची लस अजून निघालेली नाही.