बाई, एकीला जाऊ?

मराठी शाळेतले मूल करंगळी वर करून 'एकीला जाऊ?' असे विचारते, आणि आमच्या बेळगावात कन्नड शाळेतले मूल 'ओंदक्के' म्हणते. या दोन भाषांचे इतर कशावर एकमत होवो न होवो, या एका आकड्यावर ते केव्हाच झालेले आहे! दुर्दैवाने त्या करंगळीला मिळणारे उत्तरही दोन्हीकडे पुष्कळदा एकच असते : "गप बस. आत्ताच तर सुट्टी झाली."

विषय जरा संकोचाचा आहे. महाविद्यालयाच्या अंकात हा कशाला, असेही कोणी म्हणेल. पण आपल्यापैकी कित्येक उद्या शिक्षक होतील आणि बहुतेक सगळे आईबाप होतील, म्हणून लिहितो.

माझा भाचा तिसरीत होता. तीन-चार वर्षे कोरड्या अंथरुणात झोपणारा हा मुलगा अचानक रात्री अंथरूण ओले करू लागला. एके दिवशी वर्गातही तसेच झाले. बाईंनी त्याला दाराबाहेर उभे केले. घरी ताईने धपाटे घातले, आईने सायंकाळनंतर पाणी बंद करायला सांगितले, आणि मी, विज्ञान शाखेचा विद्यार्थी, त्याला हसलो. "मामा, कितीबी पाणी पिलं तरी तहान जात नाही रे," असे तो मला सांगत होता. त्याचा शर्ट सैल होत चालला होता. आम्ही ऐकले नाही, पाहिलेही नाही. उलट्या सुरू झाल्या तेव्हा धावपळ करून दवाखान्यात नेले. निदान झाले मधुमेहाचे. इन्सुलिनवाचून न भागणाऱ्या मधुमेहाचे. रक्तातली जादा साखर लघवीवाटे बाहेर पडताना पाणी ओढून नेते. म्हणून लघवी जास्त आणि म्हणूनच तहान जास्त. अशा मुलाचे आम्ही पाणी तोडले होते! आज तो इन्सुलिन घेतो, शाळेत जातो, क्रिकेटही खेळतो. पण ते दिवस आठवले की मान खाली जाते.

मधुमेह हे या तक्रारीचे क्वचित आढळणारे कारण आहे, हे खरे. ज्याचे अंथरूण लहानपणापासून फक्त रात्रीच ओले होते, त्याला बहुधा कोणताच गंभीर आजार नसतो. गाढ झोपेत मूत्राशय भरल्याची जाणीव होत नाही, किंवा रात्री लघवी कमी करणारा शरीरातला स्राव पुरेसा नसतो. यात आनुवंशिकताही मोठी. आईबाप दोघांनाही लहानपणी हा त्रास असेल, तर त्यांच्या चार मुलांपैकी सुमारे तिघांना तो होऊ शकतो. तेव्हा मुलावर ओरडणाऱ्या वडिलांनी आधी आजीला विचारून घ्यावे!

दिवसा होणाऱ्या तक्रारींत एक कारण कोणाच्या ध्यानीमनी नसते : बद्धकोष्ठ. साचलेला मळ शेजारच्या मूत्राशयावर दाबतो; पोट साफ होऊ लागले की पुष्कळदा लघवीही ताळ्यावर येते. लघवी करताना जळजळ, वारंवार थेंबथेंब किंवा ताप असेल तर जंतुसंसर्गाची शंका घ्यावी. मुलींत तो अधिक. मोठे टॉन्सिल, रात्रीचे घोरणे यांचाही संबंध असू शकतो. क्वचित मणक्यात, मज्जारज्जूत दोष असतो. चाल बदलणे, पाठीच्या तळाशी खळगा किंवा केसांचा पुंजका या त्याच्या खुणा. मुलीची चड्डी सतत ओलसर राहणे, मुलाची धार बारीक असणे, यांनाही शरीररचनेतले कारण असू शकते. यांतले कोणतेही दुखणे छडीने बरे होत नाही.

मुले एकीच्या निमित्ताने वर्ग चुकवतात, असे शिक्षक म्हणतात. चुकवतात, मीही चुकवला आहे. पण आठ वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण २७० मिलिलिटर मावते, आणि तासन् तास दाबून ठेवण्याची सवय हीच पुढे जंतुसंसर्गाला आमंत्रण देते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे सक्तीची केली. पण दाराला कडी नसेल, पाणी नसेल, तर मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. हा दोष मुलींचा की आपला?

माझे म्हणणे थोडके आहे. वर आलेल्या करंगळीला नकार देऊ नये. कोरडे झालेले मूल पुन्हा ओले करू लागले, त्याची तहान वाढली, वजन घटले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन लघवीतली आणि रक्तातली साखर तपासावी. या साध्या तपासणीला फार वेळ लागत नाही. आम्ही शिक्षा मात्र महिनाभर करत होतो.