जिवंत असल्याचा दाखला आणि ३१ टक्के बॅटरी

नोव्हेंबरातली गोष्ट. सकाळी साडेनऊला सुभेदार साहेबांचा फोन आला. आवाज वैतागलेला.

"सर, मी जिवंत आहे हे माझा मोबाइल मानायलाच तयार नाही."

सुभेदार साहेब मूळचे बेळगावकडचे. निवृत्तीनंतर बरीच वर्षं गावी होते, आता मुलीकडे म्हैसूरला, लष्कर मोहल्ल्यात राहतात. या मोहल्ल्याचं नाव ऐकून आपल्याकडच्या माणसाला पुण्याचा कॅम्प आठवतो. ग्वाल्हेरचं लष्कर तर दौलतराव शिंद्यांच्या १८१० च्या छावणीवरच वसलं. म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात मात्र आज फौजी शोधावे लागतात. अशोका रोड, सेंट फिलोमिना चर्चचे दोन उंच मनोरे आणि जिकडे बघाल तिकडे दुकानं. त्या दुकानांत सापडलेला माझा एकमेव फौजी म्हणजे सुभेदार साहेब. दर पंधरा दिवसांनी मराठीत मनसोक्त बोलायला मी त्यांच्याकडे जातो, चहा त्यांच्याकडचा.

झालं होतं असं. पेन्शनरांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. जीवन प्रमाण २०१४ साली सुरू झालं आणि २०२१ पासून चेहरा दाखवूनही तो दाखला घरबसल्या देता येतो. साहेबांनी ॲप उघडलं, आधार नंबर टाकला, चेहरा गोलात धरला, सांगितल्याप्रमाणे डोळे मिचकावले आणि फोन बंद पडला. तेव्हा बॅटरी ३१ टक्के होती. चार्जरला लावून पुन्हा चालू केला तर २८. काढला, पुन्हा चेहरा दाखवला, पुन्हा अंधार. मुलगी म्हणाली, माझ्या फोनवरून करू. साहेबांना ते पटेना. माझी पेन्शन, माझा फोन.

आदल्या दिवशी ते एका दुकानात जाऊन आले होते. तिथे फोन न उघडताच निकाल लागला होता: "अंकल, चार वर्षं झाली. नवीन घ्या." नवीन म्हणजे चौदा हजार. नातवाने आपल्या परीने उपाय केला होता, बॅटरी वाचवणारी आणि 'कचरा साफ करणारी' दोन-तीन ॲप टाकून दिली होती. आणि साहेब स्वतः दर दहा मिनिटांनी मागची सगळी ॲप बोटाने वर ढकलून बंद करत होते. शिस्तीचा माणूस. कोणीतरी सांगितलं की ते इमाने इतबारे पाळायचं.

या शेवटच्या सवयीपासून सुरुवात करतो, कारण ती माझ्या ओळखीच्या निम्म्या माजी सैनिकांना आहे. ॲप ढकलून बंद केल्याने बॅटरी वाचत नाही. २०१६ साली ॲपलला एका ग्राहकाने हे विचारलं होतं, क्रेग फेडरिगीने नाही म्हणून मोकळं उत्तर दिलं. त्याच सुमारास अँड्रॉइड सांभाळणाऱ्या हिरोशी लॉकहायमरनेही तेच सांगितलं. मागे पडलेलं ॲप बहुतेक वेळा गोठलेलं असतं. ते मारून पुन्हा पहिल्यापासून उघडायला उलट जास्त वीज लागते. गार्ड कमांडरने झोपलेल्या जवानाला दर दहा मिनिटांनी उठवून 'झोप' म्हणून सांगावं, तसला हा प्रकार. आणि साफसफाईची ॲप? ती स्वतःच दिवसभर जागी राहतात, जाहिराती दाखवतात आणि बॅटरी खातात.

मग वीज जाते कुठे? स्क्रीन हे पहिलं उत्तर सगळ्यांना माहीत आहे. दुसरं उत्तर फौजेत वायरलेस सेट पाठीवर घेतलेल्या कोणालाही माहीत असायला हवं, पण मोबाइल हातात आला की आपण विसरतो. सेट ऐकत असतो तेव्हा बॅटरी पुरते. बोलायला लागला की संपते. मी नवखा लेफ्टनंट असताना माझा ऑपरेटर मला नम्रपणे सुचवायचा, "साहेब, थोडक्यात बोला." तेव्हा वाटायचं हा शिस्तीसाठी सांगतोय. तो रात्रीचा हिशोब करत होता.

मोबाइलसुद्धा सेटच आहे. टॉवर जवळ असेल तर तो कुजबुजतो, लांब असेल तर ओरडतो. रेंजची एकच काडी असलेल्या ठिकाणी तो दिवसभर ओरडत राहतो आणि तुम्ही एकही कॉल केला नाही तरी संध्याकाळी बॅटरी संपलेली असते. डोंगरातल्या पोस्टवर हे आम्ही रोज बघायचो. म्हैसूरकरांना ते दसऱ्याला दिसतं, जंबू सवारीच्या गर्दीत प्रत्येकाचा फोन एकाच टॉवरशी भांडत असतो. उपाय साधा आहे. रेंज नसलेल्या जागी फ्लाइट मोड. घरात वाय-फाय असेल तर वाय-फाय कॉलिंग चालू ठेवा. ५जी नुसतंच येत-जात असेल तर सेटिंगमध्ये ४जी करून टाका. या तीन गोष्टींनी जेवढा फरक पडतो तेवढा काळ्या स्क्रीनच्या डार्क मोडने बहुधा पडत नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ साली ओलेड स्क्रीनवर हे मोजलं होतं. घरात आपण ठेवतो तेवढ्या, म्हणजे ३० ते ५० टक्के ब्राइटनेसला डार्क मोडने सरासरी ३ ते ९ टक्केच वीज वाचते. भर उन्हात पूर्ण ब्राइटनेस असेल तर वाचते बरीच, पण भर उन्हात फोन बघत बसणारे पेन्शनर मला अजून भेटायचेत.

आता हवामान. उंचावर नोकरी केलेल्यांनी ६० टक्क्यांवर मेलेला फोन बनियनच्या आत, छातीशी धरून जिवंत केलेला असतो. थंडीत सेलमधली रासायनिक क्रिया मंदावते, क्षमता तात्पुरती कमी होते, ऊब मिळाली की परत येते. फक्त एक काळजी घ्या, गोठलेला फोन लगेच चार्जरला लावू नका. शून्याखाली चार्जिंग केलं तर आत लिथियमचा धातू साचतो आणि ते नुकसान भरून येत नाही. उष्णतेचं उलट आहे. ती त्या दिवशी काहीच जाणवू देत नाही, पण सेल कायमचा म्हातारा करते. वाळवंटात जिप्सीच्या डॅशबोर्डवर फोन ठेवणारे माझ्याबरोबरचे अधिकारी दर दीड वर्षाने कंपनीला शिव्या द्यायचे. घरातलं वाळवंट म्हणजे उशीखाली चार्जिंगला लावलेला फोन, नाहीतर जाड कव्हरसकट फास्ट चार्जरवर चालणारा व्हिडिओ. चार्ज २० आणि ८० टक्क्यांच्या मध्ये ठेवावा हेही खरं आहे, पण त्यासाठी रात्री अलार्म लावून उठायची गरज नाही. बहुतेक नव्या फोनमध्ये ८० टक्क्यांना थांबायचं सेटिंग असतं, ते चालू करा आणि झोपा.

तरुण वाचकांसाठी एक. कोर्सला किंवा कुठे पुढे जाताना फोन महिनोन्महिने जमा करावा लागतो. तो पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामा करून देऊ नका. अर्धा चार्ज करा, बंद करा, मग द्या. परत मिळेल तेव्हा सेल शाबूत असेल.

हे सगळं सांगून झालं तरी साहेबांचा फोन डोळे मिचकावताना का मेला, याचं उत्तर यात नाही. तो सवयींचा दोष नव्हता. त्यांच्या सवयी माझ्यापेक्षा चांगल्या आहेत.

स्क्रीनवरचा ३१ टक्के हा आकडा टाकीत पाणी किती उरलंय याचा अंदाज असतो. नळातून ते किती जोराने येईल हे तो सांगत नाही. सेल जुना झाला की त्याचा आतला रोध वाढतो, म्हणजे पाइप गंजून अरुंद होतो. नुसती घड्याळाची वेळ बघायला थेंबभर पाणी लागतं, ते मिळतं. पण चेहरा ओळखायच्या त्या क्षणी कॅमेरा चालू, स्क्रीन भगभगीत, प्रोसेसर कामाला लागलेला आणि नेटवर्कवरून माहिती जातेय, असं सगळं एकदम पाणी मागतं. जुन्या सेलचा व्होल्टेज धाडकन खाली येतो आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. ॲपलने हेच टाळण्यासाठी जुने आयफोन गुपचूप हळू केले होते. डिसेंबर २०१७ मध्ये ते उघड झालं, माफी मागावी लागली आणि बॅटरी बदलायची किंमत उतरवावी लागली. त्या प्रकरणातला धडा माझ्या मते गुपचूपपणाचा नव्हताच. सेल बदलला की तोच जुना फोन पुन्हा पहिल्यासारखा पळायचा, हा धडा होता.

माझं मत इथे आहे. बॅटरी हा फोनचा जीव नाही, बुटाचा तळ आहे. लिथियम-आयन सेल १९९१ साली सोनीने बाजारात आणला तेव्हापासून तो झिजतोच आहे. कितीतरी फोनचे सेल पाचशे वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत येतात, नवे चांगले सेल हजार वेळा तग धरतात. रोज एकदा चार्ज करणाऱ्याची दोन-तीन वर्षं. आपल्या प्रत्येक पलटणीत बूट दुरुस्त करणारा ईबीआर असतो. तळ झिजला म्हणून बूट फेकून दिला असं क्वार्टरमास्टरला सांगून बघा. पण फोनच्या बाबतीत दुकानदार नेमकं तेच सुचवतो आणि आपण मान डोलावून चौदा हजार काढतो.

पूर्वी असं नव्हतं. काश्मीर खोऱ्यात २००३ च्या ऑगस्टमध्ये मोबाइल सुरू झाला, त्यानंतर जवानांच्या हातात जे नोकिया आले त्यांचा बीएल-५सी सेल नखाने उघडून बदलता यायचा. सुट्टीवरून येणारा प्रत्येकजण खिशात एक जादा सेल घेऊन यायचा. मग फोन पातळ झाले, मागून गोंदाने चिकटवले गेले. पाणी आत जाऊ नये म्हणून, असं सांगतात. त्यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. सॅमसंगचे एक्सकव्हर फोन पाण्यातही टिकतात आणि त्यांचा सेल हाताने काढताही येतो. युरोपने २०२३ मध्ये कायदा केला, १८ फेब्रुवारी २०२७ पासून बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-बदलता आली पाहिजे. टिकाऊ सेल आणि पाण्यापासून संरक्षण असलेल्या फोनना सवलत आहे, म्हणजे पळवाट आहेच, तरी निदान दिशा ठरली. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं. चांगलं केलं. पण पोर्टल म्हणजे माहिती, सक्ती नव्हे.

आणि सक्तीची गरज युरोपपेक्षा आपल्याला जास्त आहे असं मला वाटतं. स्पर्श, आधारचा ओटीपी, ईसीएचएसची कामं, बँक, सगळं सरकारने एका फोनवर आणून ठेवलंय. मी त्याच्या विरोधात नाही. ट्रेझरीच्या रांगेत काठी टेकून उभे असलेले म्हातारे मी पाहिलेत. पण ज्या वस्तूवाचून पेन्शन अडते, तिचा झिजणारा भाग चारपाच वर्षं वाजवी किमतीत मिळालाच पाहिजे, इतकी अट फोन विकणाऱ्यावर घालायला काय हरकत आहे? तालुक्याच्या गावी राहणाऱ्या हवालदाराला कंपनीचं सर्व्हिस सेंटर दीडशे किलोमीटरवर असतं. त्याच्यासाठी गोंदाने बंद केलेला फोन म्हणजे तारीख लिहिलेला फोन.

आम्ही दोघं दुपारी पायीच निघालो. अशोका रोडच्या मागच्या एका गल्लीत जेमतेम एक टेबल मावेल एवढं दुरुस्तीचं दुकान आहे. कारागीर पोरसवदा, कानडी आणि उर्दू मिसळून बोलणारा. त्याने फोन गरम पॅडवर ठेवून मागचा गोंद सैल केला, प्लास्टिकच्या पातळ पट्टीने पाठ उचलली आणि आतला सेल दाखवला. तो मधोमध किंचित फुगला होता. साहेब गंभीर झाले. फुगलेला सेल दाबायचा नाही, टोचायचा नाही, तो फोन चार्जिंगलाही लावायचा नाही, हे त्या पोराने त्यांना दोनदा बजावलं. मी नव्या सेलवरची तारीख पाहिली, सहा महिन्यांची वॉरंटी बिलावर लिहून घेतली. नकली सेलचा बाजार मोठा आहे, निम्म्या किमतीत मिळाला तर घेऊ नका. पाऊण तासात काम झालं. चौदाशे रुपये.

दुकानाच्या पायरीवर उभं राहूनच साहेबांनी चेहरा दाखवला, डोळे मिचकावले. दाखला गेला. नवा सेल ४६ टक्क्यांवर होता आणि तिथेच राहिला. जुना सेल वर्तमानपत्रात गुंडाळून घरी न्यायचा त्यांचा विचार होता. तो त्या पोराच्या ई-कचऱ्याच्या डब्यात ठेवायला लावला.

घरी चहा येईपर्यंत त्यांनी फोन मांडीवर घेतला आणि नातवाने टाकलेली ॲप एकेक करून माझ्यासमोर उभी केली.

"याची ड्युटी काय, सर?"

"काही नाही."

"मग रवाना करा."

पाच गेली. सहावं रमीचं होतं. त्याबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि मीही काही बोललो नाही.