दुसरी किल्ली पुण्याच्या कपाटात

पंतप्रधान विश्वकर्मा योजनेच्या यादीत १८ धंदे आहेत. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, न्हावी यांच्या पंगतीत कुलूप-किल्लीवालाही बसवला आहे. योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. प्रशिक्षणाच्या काळात रोजचे ५०० रुपये, हत्यारांसाठी १५ हजार, पुढे ५ टक्के व्याजानं आधी एक लाखाचं आणि मग दोन लाखांचं कर्ज. सरकारला चाबीवाला आठवला याचा मला खरंच आनंद झाला. पण आठवला तो अर्देशीर गोदरेजांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलपं बनवायला घेतली, त्या काळातला. आजच्या गाडीपुढे तो निम्माच कारागीर उरतो, आणि उरलेला निम्मा कंपन्यांनी काढून घेतला आहे.

मी भंडारा जिल्ह्यातल्या पवनीत गाड्यांच्या विम्याची कामं करतो. म्हणून हरवलेल्या किल्ल्यांची गाऱ्हाणी माझ्याकडे येतातच. गेल्या हिवाळ्यातलं गाऱ्हाणं मात्र वेगळं होतं. पुण्याचं एक कुटुंब भाड्याची कॅरव्हॅन घेऊन गोसीखुर्द धरणाच्या पाण्याकाठी उतरलं होतं. मोठ्या व्हॅनवर बांधलेली गाडी. आत पलंग, शेगडी, छोटा फ्रिज, सगळा संसार. फोटो काढता काढता सगळ्या किल्ल्यांचा जुडगा धरणात गेला. दारं आपोआप बंद झालेली. तिथं मासे धरणाऱ्या ओळखीच्या माणसानं मला फोन लावला, मी आमच्या बसस्टँडजवळच्या चाबीवाल्याला मोटारसायकलवर मागं बसवून नेलं. पोचलो तर म्हातारी आई पायरीवर टेकलेली. तिचं इन्सुलिन आतल्या फ्रिजमध्ये, चष्मा आत, चपलासुद्धा आत.

चाबीवाल्यानं आधी गाडी कोणाची ते विचारलं, भाड्याचा कागद मोबाईलवर पाहिला, आणि मगच पेटी उघडली. मागच्या दाराचं कुलूप निरखून त्यानं एक कोरी किल्ली निवडली, लायटरच्या काजळीवर काळी केली, भोकात घालून किंचित पिळली आणि बाहेर काढली. काळ्यावर दोन ठिकाणी बारीक चकाकते ठिपके. तेवढ्याच जागी कानस दोनदा फिरवली. पुन्हा काजळी, पुन्हा पीळ, पुन्हा ठिपके. नजर किल्लीवर कमी आणि पाण्याकडेच जास्त. काम सगळं बोटांना कळत होतं. चहा येईपर्यंत दार उघडलं. माय आत गेली ती थेट फ्रिजकडे.

गाडी सुरू करायची म्हटल्यावर तो पेटी आवरू लागला. "दार खोलून देल्लं जी. पन इंजनचं आमच्याच्यानं होत नाही. चिप आहे ना आतमध्ये."

चिपचं प्रकरण असं. किल्लीच्या मुठीत शेंगदाण्याएवढी एक वस्तू असते, तिला बॅटरीसुद्धा लागत नाही. स्टार्टरच्या भोकाभोवतीची तारेची गुंडाळी तिला जागी करते, ती आपला अंक सांगते, आणि गाडीतल्या संगणकाला तो अंक ओळखीचा वाटला तरच इंजिन चालतं. पातं कितीही हुबेहूब घासा, अंक जुळत नाही. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना अशी व्यवस्था सक्तीचीच झाली. चोऱ्यांना आळा बसला हे खरं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच दिवसापासून किल्ली हा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा माल झाला.

मग दुसरी किल्ली कुठं होती? गाडीमालकाच्या पुण्यातल्या कपाटात. त्याला मी नावं ठेवणार नाही, कारण गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते आणि एक कमी पडली की दावा अडतो. म्हणून दुसरी किल्ली जपून कुलपात ठेवा, हे आम्ही विमावालेच गिऱ्हाइकांच्या कानीकपाळी ओरडत असतो. जपलेली किल्ली सातशेहून जास्त किलोमीटरवर आणि गाडी गोसीखुर्दला! शेवटी ती नागपूरच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हाती रात्रीतून आली. नागपूरहून कोणी तरी पवनीला आणली. तोवर कुटुंब त्याच गाडीत राहिलं. निदान घर तरी उघडं होतं.

महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आमच्याकडे गोसीखुर्दच्या जलपर्यटनाची योजना आहे, आंभोऱ्याचा तारांनी तोललेला पूल पाहायला लोक येतात, पवनीच्या फाटकातून उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात जातात. लोक चाकांवर घर घेऊन येणार असतील तर त्या घराचं दार रात्री-अपरात्री कोण उघडणार, हा प्रश्न पार्किंग आणि शौचालयाइतकाच धोरणाचा आहे. बोटिंगच्या जेट्टीची चर्चा फार होते, याची होत नाही.

किल्ली कंपनीबाहेर करून घेता यावी हा शेवटी दुरुस्तीच्या हक्काचाच भाग, आणि तो विषय केंद्राला नवा नाही. २४ डिसेंबर २०२२ ला ग्राहक व्यवहार खात्यानं त्यासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारगाड्याही आहेत. पण सर्व्हिस मॅन्युअल उघडं करणं वेगळं आणि किल्लीचा अंक नोंदवण्याची मुभा देणं वेगळं. इथं कंपन्या चोरांचं भय पुढे करतात. ते भय खोटं नाही, पण त्यावर तोडगा निघालेला आहे. अमेरिकेत पार्श्वभूमी तपासून नोंदणी केलेल्या कुलूपवाल्यांना किल्लीचे कोड मिळतात आणि कोणी कोणत्या गाडीचा कोड घेतला याची नोंद राहते. आपल्याकडे पोलिसांचा चारित्र्य दाखला काढायला चाबीवाल्याची ना नसेल. उलट त्याच्या धंद्याला इज्जतच येईल. आजही तो कागद पाहिल्याशिवाय पेटी उघडत नाही. आमच्याच माणसाचं उदाहरण वर दिलं.

विश्वकर्माच्या १५ हजारांत पकडी, कानशी, कोऱ्या किल्ल्यांचा गुच्छ येईल. चिप वाचून नवी किल्ली गाडीला ओळखवणारं बऱ्यापैकी यंत्र लाखाच्या घरात जातं. कर्ज त्यासाठीच आहे असं म्हणाल, तर यंत्र चालवायला शिकवणार कोण? भंडाऱ्याच्या शासकीय आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे शिक्षक आहेत. जिल्हा कौशल्य विकास केंद्रानं त्यांच्याच भरवशावर चाबीवाल्यांसाठी चिपच्या किल्ल्यांचा छोटा वर्ग सुरू करावा, पोलीस अधीक्षक कार्यालयानं शिकलेल्यांची यादी ठेवावी आणि ती यादी गोसीखुर्दच्या काठावर, तिकीटघराच्या भिंतीवर, फोन नंबरांसकट लावावी.